बांधावरचा भेक : आधी डोके पाहावे, मग जागा

मृगाच्या तोंडावर पहिला दमदार पाऊस पडतो, त्या संध्याकाळी शेतात दोन घटना एकाच वेळी घडतात. जमिनीत दडलेले हुमणीचे भुंगेरे बाहेर पडून कडुनिंब, बाभूळ आणि बोरीच्या पानांवर गर्दी करतात. आणि बांधाच्या भेगांतून, दगडांच्या ढिगाखालून, उकिरड्याच्या कडेतून खडबडीत अंगाचे बसकट प्राणी एकेक करून बाहेर येतात व साचलेल्या पाण्याच्या दिशेने चालू लागतात. भुंगेऱ्यांची दखल सर्वच घेतात. प्रकाश सापळे लागतात, झाडे हलवून भुंगेरे गोळा केले जातात, मोहिमा निघतात. दुसऱ्या प्राण्याची दखल मात्र ‘बेडूक निघाले’ एवढ्या दोन शब्दांत संपते.

हे दोन शब्द पुरेसे नाहीत. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. या कामात कृषी विस्तार कार्यकर्ता आणि गावातील जाणता शेतकरी यांचा वाटा मोठा असतो, कारण शिवार त्यांच्या पायाखालचे असते. भारतात उभयचरांच्या ४०० हून अधिक जाती आहेत. नोंदवहीत त्यांच्या जागी ‘बेडूक’ एवढेच लिहिले गेले, तर देशभर आढळणारा सामान्य भेक आणि आंबोलीच्या कातळाबाहेर जगात इतरत्र ज्ञात नसलेला भेक एकाच शब्दात बसतात. पुढे कधी त्या कातळावर सुरुंग लावण्याचा प्रश्न आला आणि कोणी नोंदवही उघडलीच, तर तिच्यातून काहीच उत्तर मिळत नाही.

भेक म्हणजे कोण?

शास्त्रीय मराठीत ‘फ्रॉग’ला बेडूक आणि ‘टोड’ला भेक म्हणतात. बोलीत मात्र दोन्ही बेडूकच. शब्द जुना आहे. संस्कृतात तो बेडकांसाठी सरसकट वापरला जाई, आणि आसामात पावसासाठी लावल्या जाणाऱ्या बेडकांच्या लग्नाला आजही ‘भेकुली बिया’ म्हणतात. विदर्भ-मराठवाड्यातील धोंडीच्या प्रथेत काठीला बांधला जाणारा जीवही बहुधा हाताशी सहज सापडणारा, पळून न जाणारा भेकच असावा, असे मानण्यास जागा आहे.

भेक ओळखण्यासाठी पाच गोष्टी पाहाव्या लागत नाहीत. एकच नीट पाहावी लागते. डोळ्याच्या मागे, मानेच्या दोन्ही बाजूंस फुगीर, लांबट उंचवटे आहेत का? या विषग्रंथी आहेत, आणि शेतात नेहमी आढळणाऱ्या बेडकांना त्या नसतात. बाकीची लक्षणे पूरक ठरतात : कोरडी, फोडाफोडांची त्वचा, आखूड मागचे पाय, लांब उडीऐवजी चालणे किंवा छोट्या टुणक्या. तोंड उघडून पाहण्याची वेळ सहसा येत नाही, पण भेकाच्या जबड्यात दातही नसतात.

गोंधळ होतो तो दोन ठिकाणी. पेरणीपूर्व वखरणीत ढेकळाबरोबर गोल, गुबगुबीत, खडबडीत अंगाचा एक बेडूक उलटून पडतो. शेतकरी त्याला हमखास भेकाच्या घरात टाकतात. तो बिळे करणारा बेडूक असतो. त्याच्या मानेमागे ग्रंथी नसतात आणि मागच्या पावलाच्या आतल्या कडेला फावड्यासारखा कठीण उंचवटा असतो. त्याच्या साहाय्याने तो माती उकरीत मागे मागे सरकत जमिनीत उतरतो. दुसरा गोंधळ रंगाचा. पहिल्या पावसात डबक्यात पिवळेधमक नर दिसतात आणि त्यांची छायाचित्रे मोबाइलवर फिरू लागतात. त्यांचा गळा दोन्ही बाजूंनी निळ्या फुग्यांसारखा फुगत असेल आणि मोठ्याने ‘डरांव डरांव’ ऐकू येत असेल, तर तो आपला मोठा हिरवा बेडूक. विणीच्या काळात नर भेकही पिवळसर होतो, पण त्याच्या गळ्याखाली एकच फुगा असतो आणि अंगावरचे फोड लपत नाहीत. या मोठ्या बेडकाच्या तंगड्या पूर्वी परदेशी जात. ती निर्यात १९८७ मध्ये बंद झाली.

शोध : अंधार पडल्यानंतरचे दोन तास

भेक दिवसा शोधता येतो, परंतु ते कष्टाचे काम आहे. दगड, लाकडाचे ओंडके, मोटारीच्या खोलीतील ओलसर कोपरे, ठिबक संचाच्या व्हॉल्व्हची चेंबरे, कुंड्यांचे तळ या त्याच्या दिवसाच्या जागा होत. दगड उचललाच तर तो आपल्याकडे ओढून उचलावा, म्हणजे खाली विंचू-साप असल्यास मध्ये दगडाची आड राहते. आणि पाहून झाल्यावर तो होता तसाच परत ठेवावा. दगडाखालचा ओलावा एकदा मोडला की ती जागा रिकामी होते.

खरा शोध रात्रीचा. पाऊस पडून गेलेली, वारा नसलेली, उबदार रात्र निवडावी आणि अंधार पडल्यानंतरच्या दोन तासांत एकच ठरावीक वाट सावकाश चालावी : विहिरीपासून बांधाने ओढ्यापर्यंत, किंवा गोठ्यापासून शेततळ्यापर्यंत. विजेरी कपाळावर बांधलेली किंवा डोळ्यांच्या पातळीला धरलेली असावी. हात खाली सोडून धरलेल्या उजेडात प्राण्याच्या डोळ्यांची चमक दिसत नाही. गवतात सुईच्या टोकाएवढे असंख्य बिंदू चमकू लागले तर ते कोळी समजावेत. रस्त्यावरच्या दिव्याखाली मात्र विजेरीचीही गरज नसते. तेथे उजेडाला आलेले किडे टिपत भेक आपापली जागा धरून बसलेले असतात आणि पुष्कळदा तोच भेक रोज त्याच खांबाखाली सापडतो.

एकट्याने जाऊ नये, पायांत गमबूट असावेत. ज्या रात्री भेक बाहेर पडतात त्या रात्री त्यांना खाणारेही बाहेर पडतात. नानेटी हा बिनविषारी साप तर प्रामुख्याने बेडूक-भेकांवर जगतो. धामणही त्यांना खाते, आणि नागालाही भेक चालतो.

डोळ्यांआधी कान कामाला येतात. सामान्य भेकाचा आवाज म्हणजे दूर कोठेतरी लहान इंजिन सुरू असावे तशी अखंड, एकसुरी, कंप पावणारी ‘कुर्र’. एक नर थांबला की दुसरा सुरू करतो. आवाजाचे मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचे ध्वनिमुद्रण केले तरी तज्ज्ञाला जात ओळखण्यास ते पुष्कळदा पुरेसे होते. अंधारात घेतलेल्या दहा अस्पष्ट छायाचित्रांपेक्षा ते कितीतरी उपयोगी.

पाण्यातील खुणा तर दिवसाही वाचता येतात. बेडकांची अंडी साधारणपणे पुंजक्यांत किंवा पाण्यावर पसरलेल्या पातळ थरात असतात. भेकाची अंडी चिकट, पारदर्शक दोऱ्यात ओवलेल्या काळ्या मण्यांसारखी असतात. या माळा गवताच्या काड्यांभोवती गुंडाळलेल्या असतात आणि एका मादीची अंडी हजारोंनी भरतात. त्यांतून दोन-तीन दिवसांत बाहेर पडणारी पिल्ले काळीकुळकुळीत असतात व उथळ कडेला थव्याने फिरतात.

डोक्यावरच्या कडा

भेक आहे एवढे ठरले की पुढची ओळख डोक्यावर लिहिलेली असते. छायाचित्र वरून, सरळ काढावे. शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवावे.

देशभर सर्वाधिक दिसणारा तो सामान्य भेक, दत्ताफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस. त्याचे शास्त्रीय वर्णन १७९९ मध्ये श्नायडर या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने केले. नावाच्या दुसऱ्या भागाचा अर्थ ‘काळ्या ठिपक्यांचा’, कारण अंगावरील फोडांची टोके काळी असतात. पहिला भाग २००६ मध्ये बदलला. त्यापूर्वी तो ‘बुफो’ होता. नवे नाव सुशील कुमार दत्ता या भारतीय उभयचरतज्ज्ञाच्या सन्मानार्थ दिलेले आहे. या भेकाच्या डोक्यावर नाकपुडीपासून निघून डोळ्याच्या वरून मागे जाणाऱ्या काळ्या, शिंगासारख्या कठीण कडा असतात. जणू डोळ्यावर काजळाची जाड रेघ ओढली आहे. बोटांची टोकेही काळी. पूर्ण वाढलेला प्राणी साधारण ८ ते १२ सेंटिमीटरचा, मादी नरापेक्षा मोठी.

राजस्थान, पंजाब, गुजरातच्या कोरड्या पट्ट्यापासून गंगेच्या मैदानापर्यंत काम करणाऱ्यांनी कडा नसलेल्या भेकाकडे लक्ष ठेवावे. डोके सपाट, रंग करडा-हिरवट, त्यावर संगमरवरासारखे मिसळलेले डाग : हा संगमरवरी भेक. कालव्यांच्या सिंचनक्षेत्रात तो आणि सामान्य भेक एकाच डबक्यावर सापडू शकतात, आणि घाईत दोघांचीही नोंद एकाच नावाने होते.

दख्खनच्या माळरानांवर आणि भातखाचरांत आणखी एक चकवा आहे. ३-४ सेंटिमीटरचा भेक दिसला की तो मोठ्या भेकाचे पिल्लू असे गृहीत धरले जाते. तो गळा फुगवून ओरडत असेल, तर तो पिल्लू नव्हे. पूर्ण वाढलेला, छोट्या जातीचा नर आहे. श्नायडरनेच १७९९ मध्ये वर्णिलेला बुटका भेक असाच पुष्कळदा नजरेतून सुटतो.

दक्षिण सह्याद्रीत कडांचीच भाषा अधिक बारकाईने वाचावी लागते. तेथील एका जातीत डोळ्यामागून डोक्याच्या मध्यभागाकडे वळणारी एक जादा कड असते, तर दुसऱ्या एका जातीत कानाचा पडदा अगदी लहान असतो. दोन्ही जातींची शास्त्रीय नावे याच लक्षणांवरून पडली आहेत. केरळपासून गोव्यापर्यंतच्या दाट जंगलांत तर झाडावर चढणारा भेक आहे. बोटांची टोके रुंद, बांधा सडपातळ आणि ओठापासून कुशीकडे जाणारी पांढरी रेघ. पावसाळ्याच्या प्रारंभी तो झाडांवरून ओरडतो व विणीसाठी ओढ्यावर उतरतो. हिमालयात लक्षवेधी मोठ्या मानग्रंथींचा हिमालयी भेक, लडाखमध्ये हिरवट डागांचा वेगळाच भेक, तर मेघालयच्या खासी टेकड्यांत खडकांच्या फटींत आणि केवड्याच्या पानांच्या बेचक्यांत राहणारा भेक. जागा बदलली की यादी बदलते. म्हणून छायाचित्राबरोबर ठिकाण लिहिलेले नसेल, तर चांगला तज्ज्ञही पुष्कळदा हात वर करतो.

सड्यावरचे पिवळे भेक

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर सर्वाधिक काळजीने ओळखावेत असे दोन भेक सह्याद्रीच्या माथ्यावर आहेत. कोयनेचा भेक १९६३ मध्ये सोमण यांनी वर्णिला. आंबोलीच्या भेकाला २००९ मध्ये बिजू आणि सहकाऱ्यांनी नाव दिले आणि या दोघांसाठी झँथोफ्रायनी हे स्वतंत्र प्रजातिनाम योजले. त्याचा अर्थच ‘पिवळा भेक’. दोन्ही लहान, बोटाच्या दोन-तीन पेऱ्यांत मावणारे. कोयनेच्या भेकाच्या कुशींवर पिवळे ठिपके असतात. आंबोलीच्या भेकात हे पिवळे डाग एकमेकांत मिसळून वाघाच्या अंगावरच्यासारखे पट्टे होतात, म्हणूनच जातीचे नाव ‘टायग्रिना’.

आंबोलीचा भेक जांभ्या कातळाच्या सड्यावर राहतो. पावसाळा सुरू होताच मोजके दिवस विणीची एकच झुंबड उडते. खडकातील पसरट खळग्यांत पावसाचे जे बोटभर पाणी साचते, त्यातच अंडी घातली जातात. तीही सामान्य भेकासारख्या हजारोंच्या माळांत नव्हे, तर मोजक्या संख्येने, सुट्या पुंजक्यांत. पावसाने काही दिवस उघडीप दिली की खळगा वाळतो आणि त्या खळग्यापुरता तो हंगाम संपतो. जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत या भेकाची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ या गटात झाली, त्यामागे मुख्य कारण हेच : राहण्याची जागा अतिशय लहान आणि तीही विस्कळीत.

सडा महसुली कागदावर पडीक असतो. उन्हाळ्यात तो खरोखरच ओसाड वाटतो. काळा, तापलेला, एकही हिरवे पान नसलेला. आंबा-काजूच्या लागवडीसाठी सुरुंग लावून खड्डे घेणे, चिरेखाण काढणे, बाहेरची माती आणून पसरणे या गोष्टी अशा जमिनीवर सहज सुचतात, आणि शेतकऱ्याला त्या सुचणे चुकीचेही नाही. त्याला दुसरी जमीन असतेच असे नाही. परंतु लागवडीचा आराखडा करणाऱ्या विस्तार कार्यकर्त्याने जून महिन्यात एक-दोन रात्री तो सडा पाहिलेला असावा. खळगे असलेला कातळाचा भाग सोडून मातीच्या पट्ट्यात लागवड बसवता येते का, हा प्रश्न उन्हाळ्यातील पाहणीत पडतच नाही.

हुमणी, ऊस आणि एक महागडी चूक

सामान्य भेकाच्या आहारात मुंग्या, वाळवी आणि भुंगेरे यांचे प्रमाण मोठे असते. भुंगेरे सायंकाळी जमिनीतून निघतात व पहाटे परततात. त्या वाटेवर बसलेला भेक त्यांना टिपतो. परंतु यावरून ‘शेतात भेक सोडा, हुमणी जाईल’ असा सल्ला कोणी देऊ लागला, तर तो तेथेच थांबवावा. भेक समोर हललेले आणि तोंडात मावणारे सर्व काही खातो. मित्रकीटक, कोळी, गांडूळ यांत तो भेद करत नाही. आणि पिकाचे खरे नुकसान करणारी हुमणीची अळी जमिनीत मुळांशी असते, तेथे त्याची जीभ पोहोचत नाही.

ऑस्ट्रेलियाने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. उसाच्या मुळांवरील हुमणीसारख्याच किडीच्या बंदोबस्तासाठी १९३५ मध्ये क्वीन्सलँड प्रांतात हवाईहून मूळचे अमेरिका खंडातील सुमारे १०० भेक आणले गेले. भुंगेरे उसाच्या शेंड्याकडे राहत, अळ्या जमिनीत; भेक मधल्या मध्ये. कीड तशीच राहिली आणि भेक मात्र लाखो चौरस किलोमीटर पसरला. त्याचे विष न पचल्याने तेथील मांसभक्षक प्राणी आणि सरडे मेले. आपला सामान्य भेकही परमुलखात असाच उपद्रवी ठरतो : मादागास्करमध्ये तोआमासिना बंदराच्या परिसरात तो २०१४ मध्ये आढळला आणि आता तेथील वन्यजीवांना धोका मानला जातो. तोच प्राणी, तेच विष. येथे त्याला खाणारे साप त्याच्याबरोबर वाढलेले आहेत, तेथे नाहीत. त्यामुळे भेक ‘चांगला’ म्हणून पिशवीत घालून दुसऱ्या तालुक्यात नेऊ नये, आणि रोपवाटिकेची रोपे किंवा माती दूरवर पाठविताना त्यात तो दडलेला नाही, एवढे पाहावे.

असलेला भेक टिकवणे हे त्याहून सोपे काम आहे. पाण्यातली पिल्ले जमिनीवर यायला महिना-दीड महिना लागतो. त्या काळात ज्या डबक्यात काळी पिल्ले दिसतात तेथे फवारणी पंप धुऊ नये. उभयचरांची त्वचा पाण्यात विरघळलेले पुष्कळ काही शोषून घेते. प्रकाश सापळ्याखालचे रॉकेलमिश्रित पाण्याचे घमेले जमिनीवर न ठेवता उंचावर ठेवावे, नाहीतर भुंगेऱ्यांमागे आलेले भेकही त्यात पडतात. प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्यातून भेकाला वर चढता येत नाही. एका कोपऱ्यात काथ्याचा दोर किंवा जुने गोणपाट पाण्यापर्यंत सोडले की वाट मिळते.

हात लावण्यापूर्वी

भेकामुळे चामखीळ होत नाही. चामखीळ विषाणूमुळे होते. उचलल्यावर तो जे पाणी सोडतो ते बहुतांशी साठवलेले पाणीच असते. विष मात्र खरे आहे. ते मानेमागच्या ग्रंथींत व त्वचेत असते आणि हृदयावर परिणाम करते. कुत्र्याने भेक तोंडात धरला तर तोंडाला फेस येतो. त्याचे तोंड भरपूर पाण्याने धुऊन पशुवैद्यकाला दाखवावे. भेक खाल्ल्याने माणसे दगावल्याच्या नोंदी आशियातील अनेक देशांत आहेत. अंडीही विषारी असतात.

ओळखीसाठी उचलण्याची गरज जवळजवळ कधीच पडत नाही. रस्त्यातून बाजूला करायचाच असेल तर हातावर कीटकनाशक, डास पळविणारे मलम किंवा तंबाखूचा अंश नसावा. हात ओले करून उचलावा आणि नंतर साबणाने धुवावेत. एका पाणथळीतून दुसरीत जाताना बूट घासून, धुऊन, वाळवून घ्यावेत, कारण उभयचरांना मारणारी कायट्रिड बुरशी चिखलातून प्रवास करते. राखीव वनात किंवा अभयारण्यात रात्री जाण्यास वन विभागाची परवानगी लागते.

रात्रीची नोंद त्याच रात्री लिहावी. दिनांक, वेळ, पाऊस केव्हा पडला, जागा (बांध, विहीर, सडा, रस्ता), डोक्यावर कडा आहेत की नाहीत, लांबी, आवाज, आणि वरून व बाजूने काढलेले एकेक छायाचित्र. इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल किंवा आयनॅचरलिस्ट यांवर छायाचित्र टाकल्यास ओळख तपासून मिळू शकते; जात दुर्मीळ वाटली तर नेमके ठिकाण तेथे उघड न करता समितीच्या नोंदवहीत लिहावे. खात्री नसेल तेथे जातीचे नाव लिहू नये. ‘भेक, कडा नाहीत, कालव्याकाठी’ ही नोंद चुकीच्या शास्त्रीय नावापेक्षा अधिक उपयोगी पडते. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, त्याच डबक्यावर परत जावे. गवताच्या काड्यांभोवती काळ्या मण्यांच्या माळा दिसल्या तर नोंदीत आणखी एक ओळ वाढते, आणि फवारणीच्या वेळापत्रकात त्या डबक्याभोवती पुढच्या दीड महिन्याची खूण करता येते.